मग ते जेवणार कुठे?

राखेच्या बुधवारी कपाळावरची राख मी पुसत नाही. सकाळची मिस्सा ऐकायची, लंडनच्या हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन पकडायची आणि कपाळावर तो काळपट क्रूस घेऊन हॉस्पिटलात ड्यूटीला जायचं, असा माझा रिवाज. यंदा समोर बसलेले एक सुटाबुटातले गृहस्थ बराच वेळ चुळबुळ करत होते. शेवटी पुढे वाकून हळूच म्हणाले, "सॉरी, यू हॅव समथिंग ऑन युअर फोरहेड," आणि खिशातून टिश्यू काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. मी थँक यू म्हटलं आणि टिश्यू पर्समध्ये टाकला. माणूस भला होता. माझं डोकं आजवर जे काही फिरलंय ते भल्या माणसांमुळेच जास्त, म्हणून हे सांगितलं.

या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ लागला की खरं तर मला वसई आठवायला हवी. लग्नं बंद, बँडबाजा बंद, शुक्रवारी क्रुसाची वाट, आईच्या हातचं शेवग्याच्या शेंगांचं कालवण आणि चर्चच्या आवारात पोरांचं उगाच गंभीर झालेलं तोंड. पण आठवतं एडिनबरा. समुद्रावरून चढत येणारं ओलं धुकं आठवतं, बिअरच्या कारखान्यातून येणारा भाजक्या धान्याचा वास आठवतो, आणि एका लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाशी, दारापुढच्या गार फरशीवर, बोटं बाहेरच्या बाजूला करून नीट जोडीने ठेवलेले म्हातारे काळे बूट आठवतात.

ते बूट फादर ह्यूंचे.

मी तेव्हा नुकती या देशात आले होते. नवरा सायमन आणि दोन वर्षांची रिया वसईला. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात मी सबंध वॉर्ड सांभाळलेला, पण इथे आल्यावर कळलं की आपण अजून नर्स नाही. आधी 'ॲडॅप्टेशन' करायचं. म्हणजे कुठल्याशा नर्सिंग होममध्ये कुणाच्यातरी देखरेखीखाली काही महिने राबायचं, चहा कसा द्यायचा आणि म्हाताऱ्याला अंघोळ कशी घालायची ते नव्याने शिकायचं, आणि मग त्यांनी मान डोलावली की तुम्ही नर्स. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझी नेमणूक झाली ती जगभर मिशनरी म्हणून राहून, थकून मायदेशी परतलेल्या फादर लोकांच्या घरी. कुणी आफ्रिकेतून आलेले, कुणी फिलिपिन्समधून. मी कॅथलिक आहे हे कळल्यावर सगळ्यांना फार आनंद झाला. "तुमचं घराणं केव्हा ख्रिस्ती झालं?" असं प्रत्येकाने विचारलं. चारशे वर्षांपूर्वी, असं मी म्हणायची. त्यावर ते असे समाधानाने हसायचे की जणू बाप्तिस्म्याचं पाणी काल सकाळी त्यांनीच ओतलं होतं.

फादर ह्यूंनी तसं विचारलं नाही. मी पहिल्यांदा त्यांच्या खोलीत गोळ्या घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि चेहरा पाडला. मी दाराकडे बघितलं, बूट दिसले, आणि माझे बूट काढून त्यांच्या शेजारी ठेवले. आपल्याला त्यात नवल ते काय! आपल्या घरात चपला घालून कोण शिरतं? पण त्या म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "रोझी-सान," तो म्हणाला. माझं नाव रोझी, त्यापुढचं 'सान' हे त्यांच्याकडचं आपलं 'ताई' किंवा 'बाई'. "मी इथे आल्यापासून कुणी आपण होऊन बूट काढलेले नाहीत."

त्यांच्याकडचं, असं मी म्हणते आहे. माणूस जन्मला ग्लासगोजवळ, आणि त्यांच्याकडचं म्हणजे जपानचं. पन्नास वर्षं तिथल्या उत्तरेकडच्या एका गावात काढून, पाय घसरून पडल्यावर धर्मगुरूंच्या संघाने त्यांना परत आणलेलं. 'घरी' आणलं, असं इथले सगळे म्हणायचे. घरी आणलेल्या या माणसाला टोस्ट घशाखाली उतरायचा नाही. टेलिफोनवर बोलताना तो कमरेत वाकायचा. बाथटबमध्ये उतरण्याआधी अंग बाहेरच धुवायला हवं म्हणून हट्ट धरायचा, आणि इथल्या बाथरूमच्या फरशीवर पाणी सांडलं म्हणून सफाईवाल्या बाईची बोलणी मी खायची.

त्याला ती सवय कशी लागली ते त्याने मला अंग पुसता पुसता सांगितलं. गावातला पहिला हिवाळा. एका घराने नव्या फादरला मानाने पहिली अंघोळ दिली. तिथे सगळं घर एकामागून एक त्याच एका गरम पाण्यात बसतं, म्हणून आधी अंग धुऊन मग त्यात शिरायचं असतं. हे साहेब थेट आत उतरले आणि साबण चोळत बसले. ढिगाने लाकडं जाळून तापवलेलं पाणी घरच्यांना ओतून द्यावं लागलं. कुणी एक अक्षर बोललं नाही, उलट "पाणी बरं होतं ना?" असं विचारलं. आपण काय केलं ते त्याला वसंत ऋतूत कळलं.

असल्या गोष्टी त्याच्याकडे पुष्कळ होत्या. चटईवर गुडघे मोडून बसायचं, तर शुभवर्तमान वाचायला उठताना पायांतला जीव गेलेला, आणि फादर ग्रंथासकट आडवा. पहाटेच्या मिस्सेला भांड्यातल्या पाण्याचा बर्फ. संघाने मोठ्या कौतुकाने चर्चसाठी बाकं करवून घेतली, तर गावकरी चपला दारात काढून त्या बाकांवर गुडघे मोडून बसले आणि एक आजोबा प्रवचन चालू असताना कलंडले. सांगताना तो खूप हसायचा. मीही हसायची, कारण त्या महिन्यात मला स्वतःवर हसायला दुसरं निमित्त नव्हतं. मग तो एकदम म्हणायचा, "जुळवून घेणं सोपं असतं, रोझी-सान. तुम्ही जुळवून घेता म्हणून लोक तुमच्यावर विश्वास टाकतात. खरा धोका तिथे सुरू होतो."

हे तो खिडकीखालच्या टेबलाकडे बघत म्हणायचा. टेबलावर मरियेची मूर्ती होती, आणि तिच्या शेजारी वीतभर उंचीची काळी चकचकीत लाकडी पाटी उभी होती. पाटीवर सोनेरी अक्षरांत वरून खाली काहीतरी लिहिलेलं. रोज सकाळी त्या पाटीपुढे तो एका छोट्या कपात पाणी ठेवायचा आणि बशीत घासभर भात. स्वयंपाकघरात भात व्हायचा तो शिजवून, चाळणीत निथळून, दाणा दाणा मोकळा. तो हातात घेऊन त्याने खिन्न मान हलवली, तेव्हापासून मी माझ्या भाड्याच्या खोलीतून डब्यात आपला गुरगुट्या भात न्यायला लागले. भांड्यातला पहिला भात, हे त्याने मला बजावून सांगितलेलं. आधी मृताला, मग आपल्याला. समोर ठेवलेला भात टाकायचा नाही, थोड्या वेळाने उतरवून आपण खायचा.

पाटी कुणाची, हे त्याने लपवलं नाही. त्या पहिल्या हिवाळ्यात त्याला बसायला, उठायला, वाकायला, पेला दोन हातांनी धरायला एका विधवेने शिकवलं. तिचं नाव फुमी. नवरा युद्धावर गेला तो परत आला नाही, अंगावर एक लहान मुलगा. नवऱ्याची राखसुद्धा घरी आली नव्हती. होती ती ही पाटी, त्याच्या मरणोत्तर नावाची, घरातल्या देव्हाऱ्यासारख्या छोट्या लाकडी कपाटात उभी. तिच्यापुढे ती रोज सकाळी पहिला भात ठेवायची आणि त्याच्याशी बोलायची. पोराला ताप आहे, छप्पर गळतंय, नवा फादर आलाय आणि तो अंघोळीच्या पाण्यात साबण लावतो.

फुमी-सान त्या गावातली पहिली ख्रिस्ती होणार होती. बाप्तिस्मा ईस्टरला. उपवासकाळाच्या शेवटी शेवटी या पोरसवदा फादरने, सेमिनरीत शिकवलेलं जसंच्या तसं डोक्यात भरलेलं असताना, तिला सांगितलं की आता ते कपाट घरात चालणार नाही. एका घरात दोन वेदी नकोत.

"तिने वाद घातला नाही," फादर ह्यू म्हणाले. "एकच गोष्ट विचारली. मग ते जेवणार कुठे?"

मी डबा धूत होते.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हणालो, मेलेल्यांना भूक लागत नाही."

पवित्र शनिवारी ती पाटी रेशमी फडक्यात गुंडाळून घेऊन आली आणि दोन हातांनी, त्यानेच तिच्याकडून शिकलेल्या पद्धतीने, तिने ती त्याला दिली. त्याने जाळायची होती. त्याच्याने जाळवली नाही. ट्रंकेच्या तळाशी ठेवली. पुढे कितीतरी वर्षांनी चर्चमधलंच वारं बदललं, घरातली ती कपाटं फादर लोक स्वतः जाऊन आशीर्वाद देऊन पवित्र करू लागले. तेव्हा तो पाटी घेऊन तिच्या दारात गेला. ती तोवर म्हातारी झाली होती. तिने चहा केला, वाकून नमस्कार केला आणि पाटीला हात लावला नाही. "मीच त्यांना घराबाहेर काढलं," ती म्हणाली. "आता कुठल्या तोंडाने या म्हणू?"

त्या दिवसापासून भात तो ठेवू लागला.

आता त्याला एकच गोष्ट हवी होती. ती पाटी तिच्या घरी परत जायला हवी होती. फुमी-सान गेली होती, मुलगा होता. स्वतः जायची परवानगी त्याने घराचे सुपीरियर, म्हणजे प्रमुख, फादर कॉलिन यांच्याकडे मागितली. फादर कॉलिन साठीचे, गुलाबी चेहऱ्याचे, अत्यंत गोड बोलणारे. "या तब्येतीत इतका प्रवास, ह्यू?" असं म्हणून त्यांनी त्याचा खांदा थोपटला. मग म्हाताऱ्याने फोनचं मनावर घेतलं. संपूर्ण उपवासकाळ तो त्या फोनची तालीम करत होता. पवित्र गुरुवारी, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाच्या दिवशी, मी माझं इंडियाला फोन करायचं कार्ड घेऊन गेले, भलामोठा नंबर फिरवून दिला आणि रिसीव्हर त्याच्या हातात ठेवला.

तो वाकला. बोलला. पुन्हा वाकला. पलीकडून एक शांत, नरम आवाज येत होता. मला वाटलं, जमलं. शेवटी तो इतका खाली वाकला की मला त्याला धरावं लागलं. फोन ठेवून तो खुर्चीत बसला.

"काय म्हणाला?"

"फार अदबीने बोलला. आईसाठी मी जे केलं त्याबद्दल त्याने तीनतीनदा आभार मानले. म्हणाला, पाठवायची तसदी घेऊ नका." "त्याच्या घरात ते कपाट नाही, रोझी-सान. क्रूससुद्धा नाही. त्याने मला विचारलं, पाटी आली तर तिचं करायचं काय असतं? तो लहान होता ना. कुणी शिकवलंच नाही त्याला."

मी नर्स आहे, माणसं मरताना मी पाहिलेली आहेत. पण त्या दिवशी खिडकीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याचं तोंड मला पाहवेना. एक अख्खा जन्म घालवून करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं मनात आलं आणि त्या म्हणीवर हसू येईना. दुसऱ्या कुणाला हे सांगावं तर सांगणार कुणाला? त्याच कार्डावर उरलेल्या मिनिटांत मी आईला फोन लावला. आई म्हणाली, "झावळ्यांच्या रविवारी रिया चर्चमध्ये झोपली बघ. आणि इथे सगळं ठीक आहे, तू नीट जेवतेस ना?" मी म्हटलं, जेवते.

पुढे एकदा त्याने मला माझ्या लग्नाचं विचारलं. मी सांगितलं की आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जातात, काठावर फुलं ठेवतात, तिथलं पाणी घरी आणतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात.

"विहिरीवर कोण असतं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. विहीर असते."

"मग फुलं कुणाला?"

मला राग आला. म्हाताऱ्याचा नाही आला, कुणाचा आला ते तेव्हा कळलं नाही. वसईत सगळ्या लहान मुलांना माहीत असतं की जुनी माणसं अमक्या तळ्याकडे, तमक्या विहिरीकडे बोट दाखवून आवाज खाली करून बोलतात. आत म्हणे जुने देव आहेत, पण कुणी कधी बुडवले, का बुडवले, इथवर गोष्ट कधी सरकत नाही. मी श्रद्धावान बाई आहे. माझा येशू मला कुणी लादलेला वाटत नाही, माझ्या दुखण्याखुपण्यात तो माझा आहे. पण त्याच्या आधी आमच्या घरात कोण जेवत होतं? त्यांना दाराबाहेर काढताना आमच्यातल्या कुठल्या बाईने कुणाला काय विचारलं, आणि तिला काय उत्तर मिळालं? फुमी-सानकडे निदान फडकं होतं गुंडाळायला. ती पाटी घेणारा निदान पन्नास वर्षं तळमळला.

फादर ह्यू त्या पानगळीत गेले, झोपेत, फार त्रास न होता. आधी कितीतरी दिवस ते फादर कॉलिनना एकच सांगत होते, की घरी नेणारं कुणी नाही, तर पाटी माझ्या शवपेटीत माझ्याबरोबर ठेवा. माझ्यासमोर सांगितलं. फादर कॉलिननी त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "ऑफ कोर्स, ह्यू. ऑफ कोर्स."

दफनानंतर मी कॉरिडॉरमधून जात होते. तिथे एक मोठं काचेचं कपाट होतं. फादर लोकांनी देशोदेशींहून आणलेल्या चिजा त्यात मांडलेल्या, आफ्रिकेतले मुखवटे, पंखे, माळा. रोज त्याच्यावरून जायची पण कधी थांबले नव्हते. त्या दिवशी थांबले, कारण मधल्या फळीवर ती पाटी उभी होती. खाली टाइप केलेली चिठ्ठी: जपान, लाखेचं काम. आणि तिच्याच शेजारी, बोटभर चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली एक आकृती, ढाल-तलवार घेतलेला माणूस. खालची चिठ्ठी: भारत, घरगुती मूर्ती.

मूर्ती नव्हती ती. तो टाक होता. आमच्या शेजारच्या कुलकर्णी काकूंच्या देव्हाऱ्यात असे टाक होते, दसऱ्याला त्या ते चिंचेने लख्ख घासायच्या. "हा कोण?" म्हणून मी लहानपणी विचारलेलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "हा आमच्या घराण्यातला वीर. लढाईत गेला. त्याला नैवेद्य दाखवल्याशिवाय आम्ही जेवत नाही." काचेतला टाक कुणाच्या देव्हाऱ्यातून कुणी आणला, काही लिहिलेलं नव्हतं. कुणीतरी कुणालातरी दोन हातांनी दिला असेल.

मी तडक फादर कॉलिनकडे गेले. व्हिसा त्यांच्याच कागदावर होता, तरी गेले. म्हटलं, "फादर, त्यांनी पेटीत ठेवायला सांगितलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "रोझी, इतकी सुंदर कारागिरी जमिनीत पुरायची? इट वुड बी अ शेम."

"ती कारागिरी नाही फादर. तो माणूस आहे. त्याला भात लागतो."

ते माझ्याकडे मायेने बघत राहिले. मग म्हणाले, "तू असं म्हणावंस? चारशे वर्षांची कॅथलिक परंपरा तुमची. तुमच्या लोकांनी हे सगळं केव्हाच मागे टाकलं. आणि बघ, तुमची श्रद्धा आज आमच्यापेक्षा भक्कम आहे." आणि माझाही खांदा थोपटला त्यांनी.

ॲडॅप्टेशन संपलं तेव्हा मला उत्तम शेरा मिळाला. चांगली जुळवून घेते.

नंतर सायमनला लंडनला काम मिळालं, रिया आली, आम्ही हॅरोला आलो. रियाचं मराठी आता इथल्या पोरांचं झालं आहे, लिंगं सगळी उलटीपालटी. उपवासकाळात कुकर उघडला की मी भांड्यातला पहिला भात वाटीत काढते आणि खिडकीत ठेवते. कुणी सांगितलेलं नाही. राख पुसत नाही, तसंच हे.

काल रियाने विचारलं, "मम्मी, हा वाटी कोणासाठी?"

"आहेत गं कुणीतरी. आपलीच माणसं."

"त्यांची नेम काय?"

"माहीत नाही."

तिने थोडा विचार केला. "देन हाऊ विल दे नो? त्यांना कसं कळणार की हा भात त्यांची आहे?"

मी तिला होमवर्कला पिटाळलं. संध्याकाळपर्यंत खिडकीतल्या गारव्यात भात कडक होतो. टाकायचा नसतो, उतरवून खायचा असतो, हे मला शिकवलेलं आहे. म्हणून ओट्यापाशी उभी राहून मी तो गार भात चावून चावून खाते. कुणाच्या वाटणीचा खाते आहे, ते मला ठाऊक नाही.